जिव्हा, रसना आणि वाक् : रुग्ण ‘जीभ’ म्हणतो तेव्हा

रुग्णपरीक्षेचे विवेचन करताना चरकाचार्यांनी विमानस्थानात एक अपवाद सांगितला आहे. वैद्याने आपल्या सर्व इंद्रियांनी रुग्णशरीरातील इंद्रियार्थांची परीक्षा करावी, रसज्ञान मात्र त्यातून वगळावे. आंत्रकूजन कानाने ऐकावे, वर्ण डोळ्यांनी पाहावा, गंध नाकाने घ्यावा, शीत-उष्ण हाताने जाणावे; परंतु रुग्णशरीरातील रस वैद्याने स्वतःच्या जिभेने पाहू नये, तो अनुमानाने जाणावा. शरीराचे माधुर्य माश्या बसण्यावरून, शरीराचे वैरस्य उवा अंग सोडून जाण्यावरून आणि मुखातील रस रुग्णाला प्रश्न विचारून जाणावा, असे तेथे म्हटले आहे.

या अपवादाचा एक परिणाम आपल्या फारसा लक्षात येत नाही. वैद्याच्या पाच ज्ञानेंद्रियांपैकी एक रुग्णापुढे निरुपयोगी ठरते आणि त्याची जागा रुग्णाचे वागिंद्रिय घेते. रुग्णाच्या रसनेत काय चालले आहे ते त्याच्या वाणीतूनच आपल्यापर्यंत पोहोचते. म्हणजे या बाबतीत रुग्णाने उच्चारलेला शब्द हेच आपले साधन होय, आणि साधन सदोष असेल तर परीक्षा सदोष होणारच. मराठी रुग्णाजवळ यासाठी बहुधा एकच शब्द असतो : जीभ. ‘जीभ जड झाली’, ‘जिभेला चव नाही’, ‘जीभ आत ओढते’, ‘जिभेवर ताबा नाही’ ही सर्व वाक्ये एकाच अवयवाविषयी आहेत असे वरवर वाटते. वास्तविक ती तीन वेगवेगळ्या गोष्टींविषयी असतात. त्या तीन गोष्टी वेगळ्या करून ऐकण्याची सवय वैद्यांना आणि औषधालयाच्या फळीवर उभ्या असलेल्या आमच्या बंधूंना असावी, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखनाचा प्रपंच आहे.

एक अधिष्ठान, दोन इंद्रिये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्ञानेंद्रियांची अधिष्ठाने सांगताना रसनेंद्रियाचे अधिष्ठान म्हणून जिव्हा सांगितली आहे. शारीरस्थानात कर्मेंद्रियांची कर्मे सांगताना वागिंद्रिय म्हणूनही जिव्हेचाच निर्देश आहे. डोळा पाहतो, पण चालत नाही. पाय चालतात, पण ऐकत नाहीत. ज्ञानेंद्रिय आणि कर्मेंद्रिय या दोन्ही गटांत ज्याचे नाव निघते असा हा एक अवयव आहे. म्हणून शास्त्रदृष्ट्या तीन पदार्थ मानावे लागतात : मांसपेशीमय अवयव ती जिव्हा, रस जाणणारे इंद्रिय ती रसना, आणि बोलण्याचे सामर्थ्य ती वाक्. जिव्हेच्या ठिकाणी राहून रसाचा बोध करून देणारा तो बोधक कफ. वाक्प्रवृत्ती हे मुख्यत्वे उदान वायूचे कर्म. अधिष्ठान एक असले तरी कारभारी निराळे आहेत.

आधुनिक शारीररचनाशास्त्रही याच विभागणीपाशी येऊन पोहोचते. जिभेची हालचाल बाराव्या मस्तिष्क-नाडीकडे, पुढच्या दोनतृतीयांश भागातील रससंवेदना सातव्या नाडीकडे, त्याच भागातील स्पर्शसंवेदना पाचव्या नाडीकडे, तर मागच्या एकतृतीयांश भागातील रस व स्पर्श दोन्ही नवव्या नाडीकडे आहेत. म्हणूनच अर्दिताच्या काही रुग्णांत अर्ध्या जिभेची चव जाते, पण जीभ हालते उत्तम. उलटपक्षी पक्षाघातात जीभ एका बाजूला वळते आणि चव शाबूत राहू शकते.

कोशकारांनी मात्र हे शब्द एकत्र बांधले. अमरकोशात रसज्ञा, रसना आणि जिह्वा हे पर्याय म्हणून येतात. ‘जिह्वा’चे प्राकृतात ‘जिब्भा’ आणि मराठीत ‘जीभ’ झाले. ‘रसना’ काव्यात राहिली, ‘वाक्’ वाणी होऊन देवघरात गेली, आणि व्यवहारातील सर्व ओझे ‘जीभ’ या शब्दावर पडले. (जाता जाता : ‘जिव्हारी लागणे’ या प्रयोगाचा जिभेशी संबंध नाही. तेथे जीवाचे स्थान, म्हणजे मर्म, अभिप्रेत आहे. तरुण वैद्यांच्या केसपेपरवर आम्ही या शब्दाची गंमत पाहिली आहे.)

रुग्णाचे नातेवाईक बोलतात तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. मधुमेहाच्या रुग्णाची पत्नी सांगते, ‘यांचा जिभेवर ताबा राहिला नाही हो.’ आपण ताबडतोब पथ्याचे व्याख्यान सुरू करतो. आमच्या चिकित्सालयात एका बाईंनी ते व्याख्यान मध्येच थांबवून स्पष्ट केले, ‘खाण्याचं नाही म्हणत मी. बोलण्याचं म्हणते. पूर्वी कधी कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत, सहा महिन्यांपासून काय वाट्टेल ते बोलतात.’ आता ही तक्रार सर्वस्वी निराळी झाली. साठीनंतर स्वभावात नव्याने आलेला असा बदल मस्तिष्काच्या व्याधीचा पूर्वसूचक असू शकतो. औषधावर असलेल्या मधुमेहींत तो विशिष्ट वेळीच दिसत असेल, तर त्या वेळी रक्तशर्करा उतरत नाही ना, हे पाहावे लागते. चरकाचार्यांनी धारणीय वेगांत परुष, अतिमात्र आणि असत्य बोलण्याचा वेग गणला आहे. जिभेचे पथ्य दोन प्रकारचे असते हे त्यांना ठाऊक होते. त्यांपैकी कोणते मोडले, एवढा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

‘जिभेला चव नाही’

अरोचकाच्या प्रकरणात टीकाकारांनी केलेला भेद येथे फार उपयोगी आहे. अन्न मुखात घातले असता त्याची गोडी लागत नाही तो अरोचक. अन्नाचे नुसते स्मरण, दर्शन वा श्रवण झाले तरी उबग येतो तो भक्तद्वेष. आणि क्रोध, भय इत्यादींनी अन्नाची इच्छाच होत नाही तो अभक्तच्छंद. तिन्ही रुग्ण आपल्यापुढे बसून ‘चव नाही’ हेच शब्द उच्चारतात. पहिल्याला आर्द्रक-सैंधवाने जेवणापूर्वी लाभ होईल (रक्तदाबाच्या रुग्णात सैंधवाचे प्रमाण सांभाळून). तिसऱ्याला त्याच्या घरात काय घडले हे विचारल्याखेरीज काही होणार नाही. दुसऱ्या प्रकारात कावीळ आणि गर्भावस्था या दोन गोष्टी आधी मनात आल्या पाहिजेत.

सन २०२० च्या महासाथीने या यादीत एका प्रकाराची ठळक भर घातली. त्या काळात असंख्य रुग्णांनी ‘जिभेची चव गेली’ असे सांगितले. नीट विचारले असता त्यांपैकी अनेकांना गोड, खारट, आंबट, कडू यांचा बोध होत होता. गेला होता तो गंध. मराठीतील ‘चव’ हा शब्द रस आणि गंध दोघांना पोटात घेतो. आंब्याची चव म्हणताना आपण जे वर्णन करतो त्यातला फार मोठा भाग नाकाचा असतो. येथे रसनेंद्रिय निर्दोष असून घ्राणेंद्रिय बाधित आहे, तेव्हा बोधक कफाची चिकित्सा करीत बसण्यात अर्थ नाही.

परीक्षा सोपी आहे. रुग्णाला डोळे मिटून नाक चिमटीत धरावयास सांगावे आणि जिभेवर क्रमाने मीठ, साखर व चिंचेच्या कोळाचा थेंब ठेवावा. मध्ये चूळ भरवावी. हे ओळखता आले तर रसना बरी आहे. नंतर नाक मोकळे करून हिंग किंवा कॉफीची पूड हुंगावयास द्यावी. दोन मिनिटांचे हे काम आहे. ज्याचा गंध गेला आहे अशा रुग्णाला, विशेषतः एकट्या राहणाऱ्या वृद्धाला, एक गोष्ट आवर्जून सांगावी : त्याला स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळणार नाही. शेगडीचा व सिलिंडरचा खटका बंद करण्याची शिस्त आणि गॅस-गळतीचा इशारा देणारे यंत्र हे त्याच्या औषधयोजनेचेच भाग समजावेत.

ज्यांची रसनाच बाधित आहे अशांत औषधांची चौकशी विसरू नये. मेट्रोनिडाझोल घेणाऱ्याच्या तोंडात धातूसारखी चव राहते, मेटफॉर्मिननेही काहींना तसे होते. अशा रुग्णाच्या मुखवैरस्याला ‘पित्त’ म्हणून मोकळे होण्यापूर्वी त्याच्या पिशवीतील गोळ्यांची पाकिटे पाहावीत. दुसरी गोष्ट ओलाव्याची. रसना आप्य आहे असे शास्त्रकार म्हणतात ते अगदी व्यवहारातही खरे आहे. कोरड्या जिभेवर ठेवलेली साखर गोड लागत नाही. मानेवर किरणोपचार झालेले रुग्ण आणि तोंड कोरडे पाडणारी औषधे दीर्घकाळ घेणारे रुग्ण यांत आधी लालास्राव पाहावा, मग रुची.

जड आणि जाड

सर्वांत अधिक सावधपणा हवा तो येथे. ‘जीभ जड झाली’ या तीन शब्दांत किती वेगवेगळे रुग्ण दडलेले असतात याची कल्पना प्रत्यक्ष व्यवसायाखेरीज येत नाही.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात जिव्हाकंटकांचे वर्णन केले आहे. वाताने जीभ फुटीर, बधिर आणि सागाच्या पानासारखी होते. पित्ताने दाहयुक्त व तांबूस काट्यांनी भरलेली. कफाने ती ‘गुर्वी’ आणि ‘बहला’ होऊन तिच्यावर काटेसावरीच्या काट्यांसारखे मांसांकुर येतात. गुर्वी म्हणजे जड, बहला म्हणजे जाड. आचार्यांनी एकाच ओळीत दोन स्वतंत्र विशेषणे वापरली, याचे कारण जडपणा रुग्णाला जाणवतो आणि जाडपणा वैद्याला दिसतो. मराठीत ‘जड’ आणि ‘जाड’ यांत एका कान्याचे अंतर आहे आणि दूरध्वनीवर तर तेवढेही राहत नाही.

जीभ खरोखर जाड झाली असेल, म्हणजे सुजली असेल, आणि ती काही तासांत सुजली असेल, तर हा श्वासमार्गाचा प्रश्न होय. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल या वर्गातील औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत ओठ व जीभ अशा प्रकारे अकस्मात सुजतात. औषध अनेक महिने निर्धोकपणे घेतल्यानंतरही असे घडू शकते, म्हणून ‘ही गोळी तर जुनीच आहे’ या उत्तराने निश्चिंत होऊ नये. येथे खाज वा गांधी उठलेल्या असतीलच असे नाही. अशा रुग्णाला काढा, लेप वा गंडूष देण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालयात धाडावे.

जीभ दिसावयास नेहमीसारखी, परंतु बोलणे अकस्मात लटपटले, ही दुसरी अवस्था. वाग्वाहिनी सिरांत वायू कुपित होऊन जिव्हास्तंभ उत्पन्न होतो आणि रुग्ण अन्न, पान व वाणी यांस असमर्थ होतो, असे वर्णन वातव्याधी प्रकरणात आहे. कफयुक्त वायूने शब्दवाहिनी धमनी आवृत झाल्या असता मूक, मिन्मिन, गद्गद हे विकार होतात असेही सुश्रुत सांगतात. आज आपण जाणतो की असा अकस्मात झालेला वाक्-विकार हा बहुधा मस्तिष्कातील रक्तवाहिनी बंद झाल्याचा वा फुटल्याचा परिणाम असतो. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणांच्या आरंभापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही हे पाहिल्यानंतर. रुग्ण सकाळी उठल्यावर ‘जीभ जड’ झाली म्हणून दुकानातून वेखंड घेऊन जातो, दुपारी मधातून जिभेवर चोळतो, संध्याकाळी वैद्याकडे येतो. तोवर ती वेळ निघून गेलेली असते. पुढे महिनोन्‌महिने आपण नस्य, शिरोबस्ती, अभ्यंग करीत राहतो आणि त्याचा लाभही होतो, परंतु जे पहिल्या चार तासांत वाचविता आले असते ते परत आणता येत नाही.

म्हणून औषधालयाच्या फळीवरही तीन गोष्टी पाहता आल्या पाहिजेत. रुग्ण स्वतः आला असेल तर त्याला हसावयास सांगावे. तोंड वाकडे होते का? दोन्ही हात समोर धरावयास सांगावे. एक हात खाली येतो का? एखादे साधे वाक्य म्हणावयास सांगावे. शब्द अडखळतात का? एकही होकार आला तर वेखंडाची पुडी बाजूला ठेवावी आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. नातेवाईक औषध न्यावयास आला असेल तर ‘केव्हापासून?’ हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. लक्षणे तासाभरात आपोआप नाहीशी झाली तरीही रुग्णाला घरी बसू देऊ नये. तो पुढच्या आघाताचा इशारा असू शकतो. मधुमेही रुग्णात हे सर्व चालू असतानाच रक्तशर्करा तपासून घ्यावी, कारण ती फार उतरली तरी बोलणे असेच अडखळते.

तिसरा रुग्ण तरुण असतो. उलट्या थांबविण्यासाठी मेटोक्लोप्रॅमाइडचे इंजेक्शन घेतलेली एखादी मुलगी काही तासांनी जबडा आवळलेला, मान वळलेली, जीभ बाहेर येणारी वा आत ओढली जाणारी अशा अवस्थेत आणली जाते. घरचे लोक बाहेरची बाधा समजून घाबरलेले असतात. दृश्य भयंकर असले तरी हा औषधाचा परिणाम आहे आणि योग्य प्रतिऔषधाने अल्पावधीत उतरतो. कोणते इंजेक्शन घेतले एवढे विचारले की निदान होते.

आणि चौथा रुग्ण बोलत नाही, कारण तो दोन वर्षांचा आहे. ‘बाळाची जीभ जड आहे, वेखंड कसं उगाळायचं?’ हा प्रश्न प्रत्येक आयुर्वेदीय औषधालयात विचारला जातो. वेखंड, अक्कलकारा, ब्राह्मी यांच्या वाक्-प्रवर्तक गुणाविषयी आमचा वाद नाही. परंतु वाक् हे कर्मेंद्रिय असले तरी ती शिकण्याचा मार्ग श्रोत्रेंद्रियातून जातो. जे मूल ऐकत नाही ते बोलणार कोठून? अशा मुलाची जीभ अगदी निर्दोष असते. ती चोळून काय साधणार? आई म्हणते, ‘ऐकू तर येतं, दार वाजलं की बघतो.’ दार वाजल्याचा आवाज मोठा असतो, जमिनीला कंप असतो, आणि थोडेसे ऐकू येणे भाषा शिकण्यास पुरेसे नसते. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, किंवा हाक मारली असता मूल वळून पाहत नाही, तर आधी श्रवणचाचणी. लहान मुलांत ती बेरा पद्धतीने, मूल झोपलेले असताना करता येते, त्याच्या उत्तराची गरज लागत नाही. श्रवणयंत्र वा कॉक्लिअर इम्प्लांट यांचा लाभ जितका लवकर तितका अधिक असतो, आणि ‘आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात’ या वाक्यात एक वर्ष सहज जाते. वेखंडाची कांडी देताना ‘कानाची तपासणी झाली का?’ एवढे विचारणारा दुकानदार त्या घरावर मोठे उपकार करतो. मूल ऐकते, पण नजरेला नजर देत नाही, बोटाने काही दाखवीत नाही, तर बालविकासतज्ज्ञाकडे पाठवावे.

‘तोंड आले आहे’

या शब्दप्रयोगात जीभ अनुच्चारित असते, पण पुष्कळदा ती दुखत असते. खदिरादी वटी, यष्टीमधू, इरिमेदादी तैल, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, असा आपला ठरलेला क्रम आहे आणि बहुतेकांना गुणही येतो. लालभडक, गुळगुळीत, तिखट न सोसणारी जीभ पाहिल्यावर पांडुत्वाचा आणि बी-१२ च्या न्यूनतेचा विचार करावा. शाकाहारी रुग्णांत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही न्यूनता विशेष आढळते.

परंतु जिभेच्या कडेला असलेला, एकाच जागी राहिलेला, बोटाला कठीण लागणारा व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो ‘तोंड येणे’ या सदरातून बाहेर काढला पाहिजे. तो न दुखणे हे शुभलक्षण नव्हे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी तंबाखू आणि चुना तळहातावर मळणे थांबलेले नाही. स्त्रियांना ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर नकार येतो. ‘मिश्री लावता का?’ असे विचारावे. सुश्रुतांनी जिभेखालील ‘अलास’ नामक कफरक्तज शोथ वर्णिला आहे. तो वाढला की जीभ स्तब्ध होते. जिव्हागत रोगांतील असाध्य म्हणून त्याचीच गणना केली आहे. जीभ बाहेर काढताना एका बाजूला अडकते, असे दिसले की हे वर्णन आठवावे आणि रुग्णाला बायॉप्सीसाठी पाठवावे. त्याच ग्राहकाला तेच जेल तिसऱ्यांदा देण्यापूर्वी दुकानदाराने त्याला जीभ दाखविण्यास सांगितले, तर त्यात अनुचित काही नाही.

वर आणि खाली

लोकभाषेलाच दोष देऊ नये, ग्रंथभाषाही येथे एकमुखी नाही. सुश्रुतांनी मुखरोग ६५ मानले आणि त्यांत जिव्हागत ५. वाग्भटांनी मुखरोग ७५ आणि जिव्हागत ६. संख्येचा फरक गौण आहे. खरी अडचण नावांची आहे. जिभेला वर उचलणारा, जिभेच्या टोकासारखा दिसणारा शोथ सुश्रुतमते उपजिव्हिका होय, आणि जिभेच्या मुळाच्या वर होणारा तसाच शोथ अधिजिव्हा. चरक व वाग्भट यांच्या मते मात्र वरची ती उपजिव्हिका आणि खालची ती अधिजिव्हा. म्हणजे तीच दोन नावे, तेच दोन व्याधी आणि नेमकी उलट जोडणी. सुश्रुतांनी उपजिव्हिकेला लेखन करून क्षाराने प्रतिसारण सांगितले आणि पिकलेली अधिजिव्हा वर्ज्य ठरविली. नाव एका संहितेतून व चिकित्सा दुसऱ्या संहितेतून उचलली तर काय होईल ते सांगावयास नको. केसपेपरवर नुसते ‘उपजिव्हिका’ न लिहिता ‘जिभेखाली, उजवीकडे, मऊ, हरभऱ्याएवढी’ असे लिहावे. वाचणाऱ्याला संहिता विचारावी लागत नाही.

पडजिभेची कथा तशीच. रुग्ण पडजीभ म्हणतो ती सुश्रुतांच्या गणनेत तालुगत विकारांत, गलशुंडिकेच्या नावाने येते. सर्वसामान्य लोक टॉन्सिलनाही पडजीभ म्हणतात. तोंड उघडवून पाहिले की वाद संपतो.

जिव्हापरीक्षा करताना

योगरत्नाकरोक्त अष्टस्थान परीक्षेत नाडी, मूत्र, मल यांच्यानंतर जिव्हेचे स्थान आहे. वाताधिक्यात शीत, खर, स्फुटित, पित्तात रक्त-श्याम, कफात शुभ्र, अतिपिच्छिल, सन्निपातात कृष्ण, सकंटक, शुष्क, एवढे ते मोजके वर्णन आहे. अलीकडे भिंतीवर टांगलेल्या रंगीत तक्त्यांत जिभेचे टोक हृदयाचे, कडा यकृताच्या, मूळ पक्वाशयाचे अशी वाटणी दाखविलेली असते. योगरत्नाकराच्या वर्णनात असा अवयवांचा नकाशा नाही. शालेय पुस्तकांतून आपण शिकलो तो टोकाला गोड, मागे कडू असा रसांचा नकाशाही आता मान्य नाही. १९०१ सालच्या एका जर्मन निबंधाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेल्याने तो रूढ झाला. सर्व रस जिभेच्या सर्व संवेदनशील भागांना कळतात. तक्ता रुग्णावर छाप पाडतो खरा, पण आमच्या मते तो उतरवून ठेवणे बरे.

पाहताना दिवसाच्या उजेडात पाहावे. पान, जांभूळ, चहा, रंगीत गोळ्या यांची चौकशी आधी करावी. आणखी एक प्रश्न हल्ली आवश्यक झाला आहे : आज जीभ खरवडली का? जिव्हानिर्लेखन हे दिनचर्येतील उत्तम कर्म आहे. चरकांनी त्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील व पितळ यांची, अतीक्ष्ण आणि वक्र अशी पट्टी सांगितली. सुश्रुतांनी मृदू, गुळगुळीत, दहा अंगुळे लांबीची. पण सकाळीच घासून आलेल्या जिभेवरून साम-निरामाचा निर्णय करणे म्हणजे सारवलेल्या अंगणात पाऊलखुणा शोधण्यासारखे होय. पुनःपरीक्षेच्या दिवशी जीभ न खरवडता येण्यास सांगावे. तांब्याच्या पट्ट्या विकणाऱ्यांनी कडेवरून बोट फिरवून पाहावे. पत्रा कापून केलेल्या स्वस्त पट्ट्यांची कड धारदार राहते, आणि शास्त्रातील ‘अतीक्ष्ण’ हा शब्द तेथे आडवा येतो.

गोजिव्हा

शेवटी औषधालयांच्या कामाचे एक नाव. ‘गोजिव्हा’ लिहिले असता बाजारातून बहुधा गावजबान मिळते. फारसीतही त्या शब्दाचा अर्थ गाईची जीभच आहे. दोन्ही भाषांना पानाचा तोच खरखरीतपणा जाणवला. हे ओनोस्मा ब्रॅक्टिएटम. परंतु केरळात गोजिव्हा म्हणून एलिफँटोपस स्केबर घेतात, आणि महाराष्ट्रात काही जण पाथरीला हे नाव देतात. सुश्रुतांच्या अनुशस्त्रांत ‘गोजी’ येते ती तर पोटात घेण्यासाठी नव्हेच. शेफालिका व साग यांच्या पानांबरोबर तिच्या खरखरीत पानाने मुखरोगांत आणि नेत्रवर्त्मरोगांत घासून रक्तविस्रावण करावयाचे असते. गोजिव्हादी क्वाथात प्रतिश्याय-कासासाठी अभिप्रेत आहे ती गावजबान. मागणीपत्रावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि अंग (पान की पंचांग) लिहावे, आणि माल आल्यावर एक पान पाण्यात भिजवून त्याची लव बोटाने पाहावी.